बारा गाईंचे शिलिंग

“तीन हजार शिलिंग ठरले होते, हे तरी दोन्ही घरांना मान्य आहे ना?” आंब्याखाली वांजालाचा आवाज चढला.

“आहे. पण ते केनियाचे होते,” समोरून मंगेनी म्हणाला.

“ते तुम्ही म्हणता, पाव्हणं. तेव्हा कोण बोललं होतं केनियाचे म्हणून?”

चुलीपाशी मक्याच्या पिठाची उगाली घोटता घोटता ताकाने हात थांबवला. विसाहून जास्त वर्षं संसार झाला, तीन मुलगे मिसरूड फुटून कामाला लागले, आणि आज तिच्याच देजाचा, नवऱ्याकडून माहेराला द्यायच्या मोलाचा, हिशेब चालला होता. आज ते चुकतं होणं भाग होतं. आईचं देज फिटल्याशिवाय बापाने लेकीच्या देजाला हात लावायचा नाही, हा सीमेवरच्या नदीच्या दोन्ही अंगांचा रिवाज. एकुलत्या एका लेकीला, अजियाम्बोला, मागणी घालणारे पाहुणे बुसियाच्या रस्त्याने निघालेसुद्धा होते. पोरीचा सकाळपासून तीन वेळा पोशाख बदलून झाला होता. अंगणभर बायकांची नुसती धांदल होती.

ताकाचा नवरा एगेसा सायकलवरून माणसं सीमेपलीकडे पोचवायचा. त्याच्या खिशात कधी दमडी टिकली नाही. देज ‘पुढच्या हंगामात’ करत करत राहून गेलं होतं. आज ते घ्यायला युगांडातून ताकाचा धाकटा भाऊ मंगेनी आला होता, तोही काठी घेऊन.

गोम अशी, की ठरल्या होत्या बारा गाई. पण त्या साली जनावरांत खुरकताची साथ आली आणि गुरं सीमेपार न्यायला बंदी झाली. म्हाताऱ्यांनी गाईंचे शिलिंग केले आणि कोणत्या देशाचे ते सांगायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तेव्हा दोन्ही शिलिंग बरोबरीचे होते. माणसं दोन्ही नोटा एकाच खिशात घालायची, दुकानदार एकाच डब्यात टाकायचा. ते म्हातारे आता मातीखाली गेले होते.

“युगांडाचे धरले तर काय होतात?” कुणीतरी विचारलं.

“ताकाला विचारा की,” वांजाला म्हणाला. एगेसाचा हा थोरला भाऊ, बोलायला पटाईत. “नोटांच्या भावाची गोष्ट आहे.”

हिशेबाच्या बैठकीत बायका बसत नाहीत. पण ताका सीमेच्या फाटकापाशी स्टुलावर बसून दोन्हीकडच्या नोटा बदलून द्यायची, आणि तिने तोंडाने सांगितलेला भाव कुणी दुसरीकडे पडताळून बघत नसे. ती कमरेला गुंडाळलेल्या किटेंगेच्या कापडाला हात पुसत आली.

“आधी एकाला एक होता,” तिने सांगितलं. “मग तिकडे शिपायांचं राज्य आलं आणि युगांडाचा शिलिंग घसरत गेला. पुढे पुढे मीठ आणायला पिशवीभर नोटा न्याव्या लागायच्या. मग सरकारने दोन शून्यं खोडली. शंभराचा एक झाला.”

“म्हणजे तीन हजाराचे तीस,” वांजाला म्हणाला. “आणि आज?”

“आज केनियाच्या एकाला तिकडचे सतरा.”

“म्हणजे केनियाचे दोन शिलिंगसुद्धा नाहीत.” वांजालाने खिशातून दोन नाणी काढून चटईवर ठेवली. “घ्या, पाव्हणं. वरचं सुटं राहू द्या.”

मंगेनी ताडकन उठला. “माझी बहीण दोन शिलिंगची? दोन शिलिंगला भाजलेलं कणीस येतं, भाऊ. ताई, तुझं गाठोडं बांध. आत्ताच्या आत्ता घरी चल.”

“बसा हो, बसा!” म्हणून सगळे एकदम ओरडू लागले. एकाने मंगेनीची काठी धरली. कोंबड्या फडफडत छपरावर गेल्या. तेवढ्यात रस्त्यावरून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या ऐकू आल्या. पाहुणे आलेच. अजियाम्बो दारात आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“एकच गोष्ट सांग, ताई,” मंगेनी घाईने म्हणाला. “तेव्हा चटईवर बयाण्याची नोट ठेवली होती. ती नवरीने उचलायची असते. तू उचललीस, मी तेव्हा लहान होतो. ती नोट जिकडची, तिकडचे शिलिंग. आहे कबूल?”

“कबूल,” वांजाला म्हणाला. आता मागे हटायला जागाच नव्हती.

ती नोट केनियाची होती. कोरी करकरीत. ताकाला तिचा वाससुद्धा आठवत होता. एगेसाने ती दोन्ही हातांनी ठेवली होती. आज तो मान खाली घालून बसला होता. त्याने सायकल विकली असती, घरावरचे पत्रे विकले असते, तरी केनियाचे तीन हजार आज उभे राहिले नसते. पाहुणे कुंपणापर्यंत आले होते.

ताकाने आयुष्यात कधी खोटा भाव सांगितला नव्हता. याचा तिला फार अभिमान होता.

“युगांडाची होती,” ती म्हणाली.

मंगेनी तिच्याकडे बघतच राहिला. “ताई, नीट आठव.”

“आठवतंय. उचल ती नाणी, मंगेनी. पाहुणे उन्हात उभे आहेत.”

त्याने नाणी उचलली, पण तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. देज फिटलं. बायकांनी किलकाऱ्या मारल्या, पाहुणे आत आले, सोडा फिरला, थट्टामस्करी झाली, आणि ताका परत चुलीपाशी गेली. तिला रडू येत होतं. धूर होता, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

पाहुण्यांतला म्हातारा खाकरला. “आम्ही म्हणतो, गाई हाकत आणायच्या कशाला? रोख देतो. चाळीस हजार, आणि केनियाचे, स्पष्ट सांगतो.”

वांजालाचे डोळे चमकले. त्याने तोंड उघडलं, पण सकाळपासून गप्प बसलेला एगेसा आधी बोलला.

“गाई.”

“अरे, रोख देतायत ते,” वांजालाने त्याला कोपराने ढोसलं.

“गाईच. चालत आलेल्या.” एगेसाने मान वर केली. “बारा. माझ्या लेकीला तिचा भाव पुढे कधी स्वतःच्या तोंडाने सांगायला लागू नये.”

चुलीपाशी उगाली करपल्याचा वास येऊ लागला, तरी ताकाने भांडं उतरवलं नाही.