शेठजींनी वाचवलेले बारा मासे

मी संघमित्रा. शिरपूरकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि तीन वर्षं तापीतल्या शिंपल्यांच्या पिल्लांमागे हात धुऊन लागले आहे. पिल्लं महाबेरकी. आईपासून सुटली, की आपल्या इवल्या शिंपांनी माशाच्या कल्ल्याला कचकन चावतात. माशाची कातडी त्यांच्यावर चढते आणि आत ती फुकटात वाढतात. दोन-तीन आठवड्यांनी गळून तळाशी जातात, मासा आपल्या वाटेने. घरजावई यापेक्षा जास्त मुक्काम करतात.

माझ्या टाकीत असे बारा मासे होते. पिल्लं गळायला चार दिवस उरले होते. ती जगली तर माझी पीएचडी पूर्ण. नाहीतर पुढच्या हंगामाची वाट बघा, आणि विद्यापीठाची मुदत त्याआधीच संपणार.

तेवढ्यात संस्थेचे विश्वस्त केवलचंदशेठ प्रयोगशाळा बघायला आले. माणूस मायाळू, मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारा. दर पर्युषणात बाजारातले जिवंत मासे विकत घेऊन नदीत सोडतात. भिंगातून कल्ल्यांवरचे पांढरे ठिपके बघून त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, ह्यांना दुखत असेल."

"थोडंफार. पण मरत नाहीत, शेठ. चार दिवसांनी ठिपके आपोआप गळतील."

त्यांनी मान डोलावली. मान डोलावली म्हणजे ऐकलं, असं समजणारी मीच बावळट.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला विद्यापीठात गेले. परतले तर टाकीचं पाणी निळं. शिपाई झुलाल खुशीत होता.

"मॅडम, शेठना डॉक्टर औषध दी ग्या. बठ्ठा मासास्ना जीव वाचना."

म्हणजे शेठच्या डॉक्टरने टाकीत औषध ओतून सगळ्या माशांचा जीव वाचवला होता; मी टाकीत वाकून बघितलं. मासे मजेत फिरत होते. एकाच्याही कल्ल्याला ठिपका नव्हता.

सकाळी शेठ आभार ऐकायला स्वतः आले. मी टाकीच्या तळातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्यांना बसवलं.

"हे काय आहे?"

"पिल्लं. परवापर्यंत जिवंत होती."

"किती?"

"नऊशे चाळीस. मी मोजली होती."

शेठनी सूक्ष्मदर्शकापुढे हात जोडले. मग डोळ्यांना रुमाल लावला. त्याचाही मला राग आला. माझ्या वाटचं रडणंसुद्धा ह्या माणसाने आधी उरकून घेतलं.

"आज उपास करीन," ते म्हणाले. "आणखी काय करू, ताई? सांगा, लगेच करतो."

"काही करू नका, शेठ. हात जोडते, काहीच करू नका."