भावोजींचा जोड

"चिकट हात लावू नकोस माझ्या गाडीला," ताई व्हॅनच्या दारातूनच खेकसली. सहा वर्षांनी सख्ख्या भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मिस्त्रीने मुद्दामच तसाच हात लावला. गॅरेज त्याचं होतं. राहती व्हॅन मात्र भावोजींची. आत गादी, शेगडी, पडदे, सगळा संसार. भावोजींच्या मयतालाही हा गेला नव्हता, आणि ताईने त्याचा डूख धरला होता. राग मोठा आणि माणूस छोटा असला की असंच व्हायचं. आज ती आली तीही नाइलाजाने. गाडी काळा धूर ओकत होती, तापली की बंद पडत होती. तीन गॅरेजवाल्यांनी तीन सेन्सर बदलून हात टेकले होते. तिचा जावई भंगारवाल्याला बोलावून मोकळा झाला होता. गाडी गेली तर नवरा दुसऱ्यांदा जाईल, असं तिला वाटत होतं.

"सेन्सर चांगलाय," मिस्त्री मीटर लावून म्हणाला. "पण गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय, इंजिन अजून थंडच आहे. म्हणून पेट्रोल ओततोय नुसता."

"मग सांग त्याला, गरम आहे म्हणून. मिस्त्री ना तू?"

त्याने वायरीवरची टेप सोलली. आत कुणीतरी मध्येच एक रेझिस्टर, वीज अडवणारा इवलासा तुकडा, जोडला होता. टेपचं टोक दुमडलेलं होतं, आणि तसं टोक दुमडणारा माणूस अख्ख्या नात्यात एकच होता. मिस्त्रीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. याच माणसाने जन्मभर त्याला चारचौघांत 'बोल्टपिळ्या' म्हणून हिणवलं होतं.

"बघ, तुझ्या नवऱ्याचे प्रताप! सेन्सरलाच खोटं बोलायला लावलंय, पेट्रोल जास्त सुटावं म्हणून. अडाणी कारभार."

ताई वाकून बघत राहिली.

"थंडीत चालू व्हायची नाही रे," ती म्हणाली. "हे मला पहाटे दवाखान्यात न्यायचे. आठवड्यातून तीनदा, दोन हिवाळे. हा जोड लावल्यावर एकदाही अडली नाही."

मिस्त्रीने जोड काढला, वायर सरळ केली.

"ताई, मला कळवायचंस तरी."

"यांनी कळवलं होतं. दोनदा."

तिने चावी फिरवली. धुराचा मागमूस नव्हता. व्हॅन वळणापर्यंत त्याला स्वच्छ दिसत होती, आणि ताईने एकदाही आरशात पाहिलं नाही.