लवचीक पंखांचा मत्सर

माघातल्या कोवळ्या उन्हात वसुधा तळहात आडवा धरायची आणि बोटांची टोकं अलगद वर झुकवायची. भिंतीवर तिच्या हाताची सावली थरथरत राही आणि शेगडीवर दूध उतू जात असे. ती माझी बायको. पेणच्या महाविद्यालयात गणित शिकवायची आणि उरलेला सारा वेळ अशा एका विमानाचं गणित मांडायची, ज्याचे लांब, सडपातळ पंख हवेत वाकतात. पंख ताठ मानले की समीकरणं सोपी होतात, ती म्हणायची. पण पंखांचं वाकणं आणि नाकाचं वरखाली डोलणं यांची लय जुळली, तर विमान वैमानिकाच्या हाताचं ऐकेनासं होतं.

मी रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा माणूस. दमून घरी येई, तेव्हा तिच्या मुखावरची आभा माझ्यासाठी नाही, हे मला दारातूनच कळे. दुसरा पुरुष असता तर भांडलो असतो. पंखाशी कसं भांडणार? आम्ही कुठं निघालो आणि गाडी जिते स्टेशनावर थांबली की माझं बोलणं अर्ध्यावर सोडून ती शेतावर तरंगणाऱ्या घारीकडे बघत राही, आणि मला त्या घारीचाही हेवा वाटे.

"माझ्याकडं बघताना कधी उजळतो का गो तुझा चेहरा असा?" एकदा मी विचारलंच.

ती रागावली नाही. "उद्या खाडीवर येता माझ्याबरोबर?" एवढंच म्हणाली.

धरमतरच्या खाडीकाठी, मिठागराच्या बांधावर, बांबूच्या कामट्या नि पतंगाचा कागद यांचं स्वतः केलेलं विमान तिनं माझ्या हातात दिलं. "ढकलू नका हं. वाऱ्यावर नुसतं सोडा."

मी हळुवार सोडलं. पण मनात एकच इच्छा होती, ते पडावं. थोडं अंतर ते संथ गेलं. मग पंख वाकले, नाक उचललं, पुन्हा पंख वाकले. प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत गेला आणि ते खाऱ्या चिखलात कोसळलं.

"वैनी, मोडला गो तुमचा पक्षी!" मीठ ओढणारी एक बाई हळहळली.

वसुधा मात्र चिखल तुडवत धावत सुटली होती. मोडका पंख उंच धरून ओरडली, "असंच! अहो, माझं गणित हेच सांगत होतं!" माझी इच्छा पुरी झाली होती, आणि तिच्या त्या निखळ आनंदासमोर माझा मत्सर एकटाच उभा होता.

पुढं त्याच गणिताच्या बळावर तिला बंगळूरहून संशोधनासाठी बोलावणं आलं.

"तुम्हीही चला ना," ती म्हणाली. त्या आर्जवात खोटं काही नव्हतं.

"नाय. तिथं तू पंखांचीच असशील. माझं काय काम?"

तिनं गणिताच्या वह्या ट्रंकेत रचल्या. मग म्हणाली, "इतकी वर्षं हेवा केलात, पण पंख का वाकतात, हे एकदा तरी विचारलंत?"

मी तिची ट्रंक उचलून दाराशी ठेवली. ती गेली. आता सणासुदीला येते, पाहुण्यासारखी हसते आणि परत जाते. माणूस जवळ असतो तोवर त्याचा ध्यास आपल्याला सवतीसारखा सलतो. काळ मध्ये पसरत गेला, की मात्र कळतं, स्मरणात तो माणूस त्या ध्यासावाचून उमटतच नाही.