गाळायचं राहिलेलं पान

"बाई, दोन पानं उलटली एकदम," ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी गप्प झाला असता. पण ड्रायव्हर पडला टॅक्सीवाला, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस. शिवाय त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. बाईंना हल्ली नीट दिसत नाही, पुस्तक नाकाला टेकेपर्यंत जवळ धरतात, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. तो उठला आणि मोठ्या अदबीने त्यांच्या पुस्तकाचं पान मागे उलटून देऊन आला.

झाली का पंचाईत! दिसत नसलं तरी बाईंना ते पान पाठ होतं. सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेलेली. त्या पानावर मधोमध, ठळक अक्षरांत, एकच क्रियापद होतं : डिफ्रॉड.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून बाईंनी वाचनालयाच्या माडीवर हा संध्याकाळचा वर्ग काढला होता. येणारी सगळी मोठी माणसं, पोटापाण्यासाठी इंग्रजी शिकणारी. वर्गाला नियम एकच. नवं क्रियापद आलं की प्रत्येकाने त्याचं एक वाक्य करायचं, आणि तेही स्वतःच्या आयुष्यातलं. उसनं वाक्य तोंडात टिकत नाही, असं बाईंचं म्हणणं. सगळ्यांत शेवटचं वाक्य बाईंचं असे, कारण नियम करणाऱ्याने तो स्वतःही पाळावा, नाही का?

आणि आज टेबलाच्या टोकाला शिवणवाली बसली होती, म्हणून तर बाईंनी ते पान गाळायचं ठरवलं होतं. तिच्या नवऱ्याने ठेवी दुप्पट करून देतो म्हणत अर्ध्या वस्तीचे पैसे गोळा केले आणि गेल्या वर्षी तो सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला. मागे राहिली ही, आणि दाराशी येऊन ओरडणारी माणसं. तिच्याकडे कपडे टाकणंही लोकांनी बंद केलं. आता दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर एक जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत, आणि तीही इंग्रजीत. ही नोकरी मिळाली नाही तर पुढे काय, हे ती कुणाला विचारत नव्हती आणि कुणी तिला सांगत नव्हतं.

तिच्या बरोब्बर समोर केमिस्ट बसायचा. पैसे बुडालेल्यांत तो होता. मधे बंद केलेला वर्ग तिने पुन्हा सुरू केल्यापासून तो तिच्याकडे पाहतही नसे.

बाईंनी घसा साफ केला आणि सांगायला लागल्या. दुकानदाराने वजनात मारलं तर ते नुसतं 'चीट'. पण आधी गोड बोलायचं, कागद दाखवायचे, विश्वास बसू द्यायचा आणि मग ठरवून पैसा लाटायचा, तर ते 'डिफ्रॉड'. वापरताना आधी माणूस सांगायचा, म्हणजे कुणाला लुबाडलं ते. मग 'ऑफ' लावून काय नेलं ते. आपल्याकडे गंडा घालतात, टोपी घालतात. इंग्रजांकडे घालायला काहीच दिसत नाही, असंही त्या म्हणाल्या. ड्रायव्हर एकटाच हसला. मग त्याने भाडं बुडवून पळालेल्या एका गिऱ्हाइकाचं वाक्य केलं. बाईंनी ते 'चीट'मध्ये टाकलं.

पाळी केमिस्टची आली. त्याने पेन खाली ठेवलं.

"माझं वाक्य सगळ्या गावाला माहीत आहे, बाई. आधी हिला करू द्या. ही तर क्रियापद घरात बसून शिकलीय."

शिवणवालीने पुस्तक पिशवीत टाकलं आणि ती उठली. बाईंना समोरचा चेहरा धूसर दिसत होता, पण पिशवीची चेन ओढल्याचा आवाज ऐकू आला. आज ही पायऱ्या उतरली की पुन्हा चढणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

"बस," त्या म्हणाल्या.

"तुमचं काय जातंय, बाई?" केमिस्टचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता. "तुमच्यासारख्या हुशार बाईला कोण फसवणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

बाईंना त्याचा राग आला नाही. तो चूक बोलत नव्हता. त्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओतली होती. बाईंचं कधी चुकत नाही, ही त्यांची गावभर ख्याती होती आणि खरं सांगायचं तर त्यांना ती फार आवडायची. ती राखण्यासाठी वर्षभर त्या आपल्या मुलाला थापा मारत होत्या, की मोतीबिंदू अजून पिकला नाही, डॉक्टर थांबा म्हणालेत. मोतीबिंदू केव्हाच पिकला होता. कळलं तर मुलगा सुनेला म्हणेल, आईचं आता वय झालं. तेवढं एक वाक्य त्यांना ऐकायचं नव्हतं.

"माझं वाक्य आधी घ्या," बाई म्हणाल्या. "आय वॉज डिफ्रॉडेड, टू."

कुणाला काही समजेना. मग बाईंनीच साध्या भाषेत सांगितलं.

"डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते. तो हिला न्यायला यायचा, खाली बाकावर बसायचा. सभ्य वाटला. मी दिले. हिला विचारलंसुद्धा नाही." त्यांनी केमिस्टच्या दिशेने मान वळवली. "या खोलीत दोघांचं जळलंय. मी बसलेय. तुम्हीही बसा. आणि तिलाही बसू द्या."

बाईंना लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली. केमिस्ट मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

"मला माहीत नव्हतं, बाई," शिवणवाली उभ्या उभ्याच म्हणाली.

"ठाऊक आहे मला. वाक्य कर."

तिने पिशवी खाली ठेवली. एकेक शब्द सुटा सुटा उच्चारत ती म्हणाली, "माय हजबंड डिफ्रॉडेड माय टीचर... ऑफ हर..." आणि अडली. नेलं काय, त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. बाईही सुचवेनात.

"आयसाइट," केमिस्ट हळूच म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती.

"ऑफ हर आयसाइट," तिने पुरं केलं आणि खाली बसली.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पुढचं क्रियापद."

वर्ग सुटल्यावर जिन्यापाशी शिवणवालीने बाईंचा दंड धरला. एरवी बाई कुणाला हात लावू देत नसत, कठडा चाचपत एकट्या उतरत. आज त्यांनी कठडा सोडला. ती प्रत्येक पायरीला हलकेच "स्टेप" म्हणत होती, सोमवारच्या सरावासारखं, आणि बाई पाय टाकत होत्या.

"लास्ट स्टेप, बाई."

"द लास्ट स्टेप," बाईंनी सुधारलं. खाली सपाट जमीन आली, तरी त्यांनी तिच्या हातातून दंड सोडवून घेतला नाही.