लग्नघरातलं धुराडं

"आक्का, चुलीतला जाळ भाईर काडा! धुराडं पेटलंय!"

सिदू मागच्या दारातूनच ओरडला. उंबरा ओलांडायची त्याला मनाई होती. समोरच्या चुलीवर हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा हंडा रटरटत होता आणि वर धुराड्यात घूं घूं आवाज घुमत होता. रस्त्यावरून जाताना उडणाऱ्या ठिणग्या दिसल्या, म्हणून तो धावत आला होता.

सोलापुरात ज्या थोड्या घरांना विटांची धुराडी होती, ती साफ करण्यातच सिदूची उमर गेली होती. दगड बांधलेला दोर आणि दोराला घायपाताचा झुबका, एवढंच त्याचं भांडवल. बसलिंगप्पांच्या घरी तो दर उन्हाळ्यात न चुकता यायचा. यंदाही आला होता, पण मुलीच्या लग्नाचा मांडव पडलेला. "मांडवात काळं तोंड नको," म्हणून बसलिंगप्पांच्या बायकोने, जगदेवीबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. त्यात वऱ्हाडाचा स्वयंपाक झटपट उरकावा म्हणून चुलीत गिरणीतल्या तेलकट चिंध्या घालायला सुरुवात झाली. त्या भडाभडा जळायच्या खऱ्या, पण त्यांची काजळी धुराड्याला डिंकासारखी चिकटायची. सिदूने तेव्हाही सांगून पाहिलं होतं. लग्नाच्या गडबडीत धुराडेवाल्याचं कोण ऐकतं!

"चूल विजवू म्हनतोस?" जगदेवीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "पूजा करून पेटवलीया. पोरगी मांडवात बसलीया की रे!"

चूल विझली तर लेकीच्या संसाराला अपशकुन. नाही विझली तर? सिदूने वर पाहिलं. घराच्या मातीच्या धाब्यावर पाहुण्यांच्या बैलांसाठी कडबा रचला होता, त्याला लागूनच मांडवाचं छत, आणि छताखाली सगळं वऱ्हाड. बाईंवर चिडावं असं त्याला वाटेना. त्याच्या लेकीच्या लग्नात त्याची बायकोही अशीच चुलीला राखण बसली होती.

"विजवू नगा, हलवा!" तो एकदम म्हणाला. "अंगनात तीन दगूड मांडा आन् ह्योच इस्तू घमेल्यातनं तितं न्या. जाळ त्योच ऱ्हाईल की! आन् हितल्या चुलीचं तोंड वल्या पोत्यानं बुजवा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच घमेलं ओढलं. "उचला गं, बगताय काय!"

भिजवलेली पोती खांद्यावर टाकून सिदू शिडी चढला. कडब्याची एक पेंढी धुमसायला लागलीच होती. ती त्याने हातानेच ओढून परसात फेकली, बाकीच्या लाथेने लोटल्या. मग धुराड्याच्या तोंडावर पोती टाकून वर दोन्ही तळवे रोवले. वाफेचा लोट तोंडावर आला. सोडलं तर पोतं उडणार आणि आत पुन्हा वारा शिरणार. खाली वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, पोरांनी कल्ला केला. मांडवात कुणाला काही पत्ता नव्हता. सिदू दात आवळून दाबत राहिला. घुमणारा आवाज हळूहळू बसत गेला आणि अखेर थांबला.

तो खाली उतरला तेव्हा तळव्यांची सालटी निघाली होती. ऐन कामाचे दिवस होते आणि आता दोर धरता यायचा नव्हता. घरी काय सांगायचं, या विचारात तो अंगणातल्या रांजणापाशी टेकला.

एवढ्यात नवरानवरी चुलीच्या पाया पडायला अंगणात आली. सिदू गडबडीने उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शुभकार्यात तो नेहमी असाच उभा राहायचा.

"सिदू, हिकडं वळ," मागून जगदेवीबाई म्हणाल्या.

"नगो आक्का. तोंड लई काळं झालंय."

"म्हनूनच वळ म्हनते. पोरीला तीट लावायची ऱ्हायलीया."

त्याला खांद्याला धरून त्यांनी वळवलं. त्याच्या गालावरून बोट ओढलं आणि ते तसंच लेकीच्या हनुवटीवर टेकवलं. सिदूला रडू फुटलं. डोळे पुसायला हात उचलवेनात, म्हणून तो तसाच उभा राहिला.