तयार?

आजारी माणसाचं तोंड पुसण्याआधी त्याचा फोटो काढायचा, अशी नवीच रीत हल्ली घरोघरी आली आहे, वाचकहो! या घरातही ती होतीच.

बाबांना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. त्यांना सगळं समजत होतं, बोलणंही सावकाश पण स्पष्ट होतं. फक्त उजव्या हातात जोर नव्हता. थोरला मुलगा त्यांचं करण्यात कुठे कमी पडत नव्हता. पण चमचा बाबांच्या ओठांशी गेला, की त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल! फोटो लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर. मग आत्या, मावश्या, परदेशातली भाचरं, सगळ्यांची झुंबड. "दादा, धन्य आहेस तू!" हे वाचून दादाला मूठभर मांस चढायचं.

एका दुपारी बाबा झोपले असताना त्याने फोटो टाकला. दात वाटीत, तोंड उघडं, गालावर लाळेचा ओघळ. एका भाच्याने त्याचं स्टिकर केलं आणि खाली लिहिलं, 'आला सोमवार!' सगळा ग्रुप हसून लोटपोट. किळस यावी असा प्रकार! पण ती एकालाही आली नाही.

बाबाही त्याच ग्रुपमध्ये आहेत, हे कुणाच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी ग्रुपवर ओळ उमटली: बाबा बाहेर पडले.

"चुकून दाबलं असेल," असं म्हणत थोरल्याने त्यांना परत घेतलं. बाबा पुन्हा बाहेर. त्याने पुन्हा घेतलं! तरी तेच. शेवटी तो त्यांच्या खोलीत गेला.

"बाबा, कुठेतरी बोट लागतंय तुमचं. द्या, मी बघतो."

"लागत नाहीये. मी दाबतोय. मुद्दाम."

"अहो, पण सगळे किती काळजीने विचारतात!"

"काळजीने?" बाबांनी ते स्टिकर त्याच्यासमोर धरलं. "आपला फोटो स्टुडिओ आता कोण चालवतं?"

"मी."

"गिऱ्हाईक आलं की काय करतोस?"

थोरल्याला स्टुडिओतली शिस्त आठवली. ती शिस्त बाबांनीच घालून दिली होती. आधी आरसा आणि कंगवा हातात द्यायचा. कॉलर सारखी करायची. मग विचारायचं, "तयार?" समोरच्याची मान हलल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

"परक्या माणसाला विचारतोस. बापाला नाही विचारलंस," बाबा म्हणाले. "मला शिसारी आली रे. आजाराची नाही, तुमची!"

थोरल्याने मोबाइलमधले फोटो पाहिले. बाबा कुठे अर्धवट, कुठे वेडेवाकडे. त्याचा स्वतःचा चमचा धरलेला हात मात्र प्रत्येक फोटोत नीट आला होता. "शी!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

त्याने सगळे फोटो पुसून टाकले. भाच्याला फोनवर चांगलं झापलं. ग्रुपवर लिहिलं, "बाबांची विचारपूस करायची असेल तर बाबांना फोन करा." ते स्टिकर कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये अजून असेल, ते मात्र त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

काही दिवसांनी बाबांना थोडं बरं वाटलं. त्याने त्यांना आरसा दिला, कंगवा दिला, कॉलर सारखी केली आणि मोबाइल उचलून विचारलं, "तयार?"

बाबांनी आरशात पाहिलं. "आज नको."

त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि चमचा उचलला.

वाचकहो, ग्रुपमुळे दूरची माणसं जवळ येतात, हे खरंच आहे. पण जवळच्या माणसाची लाज चव्हाट्यावर मांडून दूरच्यांना जवळ आणू नका. आधी विचारा. आणि 'नको' म्हटलं, तर ऐका!