चौथ्या बॅटरीच्या आधी

"काका, रागावू नका हं. पण तीन बॅटऱ्या बदलल्यात, आता चौथी आणलीत. दुखणं बॅटरीचंच आहे हे कशावरून?"

हा प्रश्न विचारायची पैज भिंगरीशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. त्यांना तेवढा हक्क होताच. शाळेच्या फाटकापासून उतारापर्यंत मला ढकलून तिघींचे तळहात लाल व्हायचे. स्वतःला त्या 'धक्का मंडळ' म्हणवून घ्यायच्या. पण बॅटरीवाल्या काकांना उलट प्रश्न विचारायचा म्हणजे वाघाच्या जबड्यात हात! काकांचा पाना हवेतच थांबला. आणि मी, मित्रांनो, घरच्या अंगणात बॉनेट उघडं टाकून ऐकत राहिले.

मी एक जुनी मोटार आहे. पत्रा जाड, दिवे गोल, दार लावलं की लोखंडी कपाट लावल्यासारखा आवाज येतो. कारखान्यातून बाहेर आले ती थेट आबांच्या, म्हणजे भिंगरीच्या आजोबांच्या हाती. तीस वर्षं त्यांनी मला चालवलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली की ते कोमट पाण्याने धुऊन काढत आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवत. लोक वळून वळून बघायचे. मीही भाव खायचे, खोटं कशाला बोलू? भिंगरीला दवाखान्यातून घरी आणलं तेही मीच. तेव्हा ती मुठीएवढी होती आणि हॉर्नपेक्षा मोठ्याने रडत होती.

मग आबा गेले. दोन वर्षं मी ताडपत्रीखाली उभी होते. चाकं बसली, गादीत उंदरांनी संसार थाटला. येता-जाता कुणी ताडपत्री सारखी करायचं, पण उचलायचं नाही. मला वाटतं, आत आबांची रिकामी जागा दिसेल, याचीच सगळ्यांना भीती होती.

भिंगरीचे बाबा मोटारींना रंग देण्याचं काम करतात. वडील गेले तेव्हा ते चारचौघांत रडले नाहीत. पण एका रविवारी ताडपत्री काढून त्यांनी माझा एकेक नट सोडवायला घेतला. अकरा महिने प्रत्येक रविवार माझा होता. घासायचे, पुसायचे, रंग द्यायचे, वाळवायचे आणि पुन्हा द्यायचे. जिथे कुणाची नजरही जाणार नाही, तिथेसुद्धा.

"अहो, आत कोण बघणारे?" आई विचारायच्या.

"आबांची गाडी आहे. आतून मळकी कशी ठेवू?"

मी नव्या नवरीसारखी चमकले. आणि त्याच महिन्यात माझं दुखणं सुरू झालं.

सकाळी चावी फिरवली की नुसतं 'टिक्'. मग धक्का. मग नवी बॅटरी. चार आठवडे बरे जायचे, की पुन्हा 'टिक्'. एका संध्याकाळी भर चौकात माझे दिवे मिणमिणले आणि इंजिन बंद पडलं. आत आई, बाबा आणि भिंगरी तिघंही होते. मागून आलेला ट्रक वीतभर अंतरावर थांबला. घरी आल्यावर आई म्हणाल्या, "आबांची आठवण मलाही आहे. पण गाडी जिवापेक्षा मोठी नाही." बाबांनी मान हलवली. ठरलं. शनिवारपर्यंत दुरुस्त झाले तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याचा ट्रक येणार.

भिंगरीने तो प्रश्न विचारला, तो दिवस शुक्रवार होता.

"पोरी," काका सावकाश म्हणाले, "तिन्ही बॅटऱ्या मी स्वतः तपासल्या. मेलेल्या निघाल्या. मेलेल्याला मेलेलं नको म्हणू?"

"म्हणा की! पण त्यांना मारतंय कोण?"

कुंपणापाशी धक्का मंडळाने तोंडावर हात दाबले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि त्याच्या दोन्ही तारा भिंगरीच्या हातात दिल्या. "हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. लाव. लाल तार लाल टोकाला."

नवी बॅटरी जोडली. इंजिन बंद असताना आकडा साडेबारा. मग चावी घेऊन आलेल्या बाबांनी मला सुरू केलं. काकांनी वीज तयार करणाऱ्या डायनॅमोवर मीटर धरायला लावला. चौदा! आणि बॅटरीवर? जेमतेम सव्वाबारा.

"म्हणजे वीज तयार होतेय," भिंगरी म्हणाली, "पण बॅटरीपर्यंत पोचतच नाहीये."

"बॅटरी उपाशी मरतेय," काका म्हणाले. "आणि मी दर वेळी नवा उपाशी आणून बसवतोय."

बाबांनी इंजिन बंद केलं. काकांनी पुन्हा दोनदा चावी मारायला सांगितली. थंड इंजिन सुरू करताना ओढतात ते चोकचं बटण भिंगरीने खिडकीतून हात घालून आत ढकललं आणि ती ओरडली, "आई गं! भाजलं!"

"इंजिन तापलं असेल," बाबा म्हणाले.

"दोन मिनिटांत? बाबा, हात लावून बघा. इंजिन कोमटसुद्धा नाही. नुसती बटणामागची ही तार तापलीये."

काका ताडकन उठले आणि टॉर्च घेऊन माझ्याखाली शिरले. मित्रांनो, माझं इंजिन रबरावर बसवलेलं आहे, म्हणजे माझ्या अंगापासून वेगळं. वीज गेली तशी परत यायला वाट लागते. ती वाट म्हणजे इंजिनाला पत्र्याशी जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी. ती वाट बंद झाली, की वीज मिळेल त्या फटीतून जाते. माझी वीज इंजिनापर्यंत जाणाऱ्या चोकच्या काडीएवढ्या तारेतून धापा टाकत जात होती.

"ही पट्टी कुणी बसवली?" खालून काकांचा आवाज आला.

"मीच," बाबा म्हणाले.

"खालचा पत्रा रंगवून?"

बाबांनी वाकून खाली पाहिलं. पट्टीच्या बोल्टखाली त्यांच्या हातचा रंग होता. तीन हात. गुळगुळीत, निर्दोष. त्या रंगातून वीज जाऊ शकत नव्हती. मला सगळं माहीत होतं. पण मला तोंड नाही, आणि असतं तरी त्या माणसाला हे सांगायला माझी जीभ उचलली नसती.

भिंगरीने पॉलिश पेपर घेतला, पण तिचा हात पुढे होईना. शेवटी बाबा जमिनीवर आडवे झाले. "दे इकडे. माझा रंग आहे, मीच काढतो." घासताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा. कुणी त्यांना थांबवलं नाही.

नाण्याएवढा पत्रा उघडा पडला. पट्टी आवळली. चावी फिरली आणि मी एका दमात सुरू झाले. बॅटरीवर मीटर लावला. चौदा. चोकची तार गार.

मित्रांनो, ज्याच्यावर माया आहे त्याला नुसतं नटवू नका. त्याला काय लागतं तेही विचारा. आणि ते आजारी पडलं, तर औषध बदलण्याआधी एकदा नाडी बघा. माझ्यासारख्या मुक्या जिवांची एवढीच विनंती आहे.

काकांनी वरून व्हॅसलीन लावलं. बाबा उठले, हात पुसले आणि सवयीने रंगाचा डबा शोधू लागले. "कडेने बारीक ब्रश फिरवू का? उघडं उघडं दिसतंय."

"आणि पुन्हा चौकात बंद पडली तर?" दारातून आईंनी विचारलं.

भिंगरीने मीटर छातीशी धरला. "आई, बाबा, मी ठरवलंय. भंगारवाल्याला नको म्हणून मी सांगणार. दर रविवारी मीटर मी लावणार. आकडा उतरला, तर त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. आणि बाबा, त्या जागेला यापुढे कुणीही रंग लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."